वैनगंगा अंतराळ खनिकर्म मंडळाचा दसरा

आमच्याशी ज्यांनी युद्ध पुकारलं होतं, त्यांनाच मी दसऱ्याच्या पूजेचं आमंत्रण दिलं. ते चुकून गेलं असं नाही. मी ते विचार करून, शुद्ध इंग्रजीत, वेळ आणि ठिकाणासकट धाडलं, आणि शेवटी 'सहकुटुंब सहपरिवार यावे' असंही लिहिलं.

ते आले. सहपरिवार आले.

पण ही गोष्ट माझ्या शहाणपणाची नाही, वामनराव लांजेवारांची आहे. माझं शहाणपण मध्ये मध्ये आडवं येईल, तेवढं सांभाळून घ्या.

लांजेवारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बालाघाटच्या हनुमान चौकाजवळ, पिंटूच्या सायबर कॅफेत. नव्या शतकाची पहिली काही वर्षं उलटली होती. घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे दारात हत्ती झुलण्यासारखं होतं, त्यामुळे मुलीचा निकाल पाहायला मी कॅफेत गेलो होतो. कोपऱ्यातल्या पडद्यापुढे साठी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत जाड बूट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. स्कूटरचं नव्हे, खाणीत उतरताना घालतात ते. हेल्मेटवरून हेडफोन चढवलेला, आणि तो कानांपर्यंत पोचावा म्हणून दोन्ही बाजूंनी सुतळीनं लांबवलेला.

मी पिंटूला हळूच विचारलं, "यांच्या डोक्यावर हे काय?"

"काकाजी ड्यूटी पर हैं," पिंटू कुजबुजला. "अभी मत बोलिए अंकल, माल निकल रहा है."

तेवढ्यात काकाजींनी खिशातून शिट्टी काढली आणि माईकमध्ये जोरात फुंकली. कॅफेतली सगळी पोरं दचकली. पुढे कळलं की त्याच क्षणी फिनलंडमधल्या एका बाईंच्या हातून कप पडला होता. कामाची पाळी सुटली होती.

लांजेवारांची सगळी नोकरी उकव्याच्या बाजूला मँगनीजच्या खाणीत झाली. पाळीचे इनचार्ज म्हणून रिटायर झाले आणि बालाघाटला दोन खोल्यांत राहायला आले. मूलबाळ नाही. बायको रिटायरमेंटनंतर थोड्याच दिवसांत गेली. एकदा पेन्शनचं काही पाहायला म्हणून पिंटूकडे आले, तर शेजारच्या पडद्यावर कोणीतरी अंतराळात जहाज उभं करून एका मोठ्या दगडावर किरण मारत होतं आणि दगडाचे तुकडे जहाजात जमा होत होते. लांजेवार बराच वेळ उभे राहून पाहत होते. मग त्या पोराला म्हणाले, "बाबू, तू चुकीच्या बाजूनं फोडून राह्यला." आणि पेन्शनचं विसरून तिथंच बसले.

खेळ असा होता. जगभरातले हजारो लोक आपापल्या देशातून एकाच आकाशात उतरत. प्रत्येकाला एक जहाज. कोणी दगड फोडायचा, कोणी माल वाहायचा, कोणी दोघांनाही लुटायचा. एकट्यानं फार काही साधत नाही, म्हणून लोक मिळून कंपनी काढत. तिला अध्यक्ष, संचालक, सभासद. एक सामाईक गोदाम, त्यात कप्पे, आणि कोणत्या कप्प्याची किल्ली कुणाकडे हे अध्यक्षानं ठरवायचं. सभासदानं काही कमावलं की ठरलेला वाटा आपोआप कंपनीच्या तिजोरीत. म्हणजे आपल्याकडची सहकारी संस्थाच. फरक एवढाच की तिथं वाटा खरोखर तिजोरीत जात असे.

लांजेवारांनी कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'वैनगंगा अंतराळ खनिकर्म मंडळ'. बाकीच्या कंपन्यांची नावं ऐकली की लहान मुलानं रडावं अशी असत: कुणी रक्तपिपासू, कुणी मृत्यूचे दूत. त्यांत आमचं मंडळ म्हणजे कुस्तीच्या फडात छत्री घेऊन उभ्या राहिलेल्या हेडक्लार्कसारखं दिसे.

मी मंडळात कसा शिरलो तेही सांगतो. मी तहसील कचेरीत बाबू होतो. लांजेवारांना हे कळलं तेव्हा त्यांनी हेल्मेट थोडं मागे सरकवून मला नीट पाहिलं.

"मसुदा करता येते काय जी तुमाले? इंग्रजीत?"

"येतो की."

"मंग या. दगड कोनीही फोडते. पत्र लिहिणारा पाह्यजे."

अशा रीतीनं मी मंडळाचा जनसंपर्क संचालक झालो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "आफिसात काय करता ते मले आजवर समजलं नाही, आता हे आनखी एक."

दुसऱ्या कंपन्यांत भरती म्हणजे एक बटण दाबणं. आमच्याकडे मुलाखत होई. नॉर्वेचा एरिक नावाचा मुलगा आला तेव्हा लांजेवारांनी हेडफोनची सुतळी घट्ट केली आणि विचारलं, "व्हॉट इज फादर?"

एरिक गोंधळला. मग म्हणाला, "मासेमारी करायचे. आता थकलेत."

"गुड. हार्डवर्क फॅमिली." एरिक भरती झाला. पुढे तोच मंडळाचा कणा झाला.

रजेचा अर्ज द्यावा लागे. एरिकचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं रजा मागितली, आणि ती मंजूर करताना लांजेवारांनी मला शेरा लिहायला लावला: 'मंजूर. मुदतवाढीचा विचार गुणवत्तेवर केला जाईल.' लग्नात तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे. पाहुण्यांना काय कळलं देव जाणे, पण टाळ्या पडल्या.

कुणी चेष्टेत म्हटलं की काकाजी, एवढं काय, खेळ आहे हा, तर ते एकदम गंभीर होत. "हे खदान आहे जी. खेळ नोहे. खेळात मानूस एकटा जितते. खदानीत एकटा मानूस फक्त मरते."

आम्ही पुन्हा दगड फोडायला लागत असू.

पाळ्या लागत त्या बालाघाटच्या विजेच्या कटौतीप्रमाणे, म्हणजे लोडशेडिंगप्रमाणे. त्या वर्षांत वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, पण कधी नक्की नसेल एवढं ठरलेलं असे. ते वेळापत्रक मी इंग्रजीत करून सगळ्यांना पाठवी. त्यामुळे फिनलंडमधली ती बाई, जिला सगळे हेल्गाताई म्हणत, तिच्या स्वयंपाकघरात बालाघाटच्या कटौतीचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. आमच्या इथल्या विजेच्या ज्युनिअर इंजिनीअरला ते कधी पाठ झालं नाही, हेल्गाताईंना झालं. परदेशी मंडळी हळूहळू आमची भाषाही उचलू लागली. हेडफोनवर विचारावं, "एरिक, माल भरला?" आणि तिकडून बर्फाळ प्रदेशातून आवाज यावा, "हौ, काकाजी."

मंडळाची सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे 'बैहर बस'. हे मालवाहू जहाज. अवाढव्य, सुस्त, वळायला लागलं की मधे चहा पिऊन यावा. सगळ्यांनी वर्षभर दगड फोडून ते घेतलं होतं. नाव लांजेवारांनीच ठेवलं, कारण बालाघाटहून बैहरला जाणाऱ्या बससारखं तेही पूर्ण भरल्याशिवाय हलत नसे आणि वाटेत सगळीकडे थांबत असे. ते चालवायचा मान त्यांचा. त्याच्या जोरावर मंडळाला पुढे स्वतःचा कारखाना टाकायचा होता. कारखाना झाला तर मंडळ टिकेल, नाही तर माणसं मोठ्या कंपन्यांत निघून जातील, हे सगळ्यांना दिसत होतं. लांजेवारांना जास्तच दिसत असावं. नवा माणूस आला की ते त्याला कारखान्याचा नकाशा समजावत, जुना माणूस जांभई देऊ लागला की त्यालाही समजावत.

मग युद्ध आलं.

'आयर्न हायना' नावाच्या लुटारू कंपनीचं आम्हाला पत्र आलं. आमच्या भागात दगड फोडायचे असतील तर खंडणी द्या, नाही तर परिणाम भोगा. खाली सही: बुचर. मी घाबरून लांजेवारांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला.

"उत्तर लिवा. आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे."

मी लिहिलं. आठवडाभरानं बुचरनं विचारलं, काय ठरलं? उत्तर गेलं: संबंधित विभागाचा अभिप्राय मागवला आहे. पुन्हा पत्र आलं. उत्तर गेलं: अभिप्राय प्राप्त, तथापि त्यात त्रुटी आढळल्या. असं करत लांजेवारांनी त्या खाटकाला पावसाळाभर झुलवलं. एकदा तर त्यानं काकुळतीनं विचारलं की नक्की कोणाशी बोलू? मी त्याला कळवलं की संबंधित अधिकारी दौऱ्यावर आहेत. आमच्या सरकारी पद्धतीला लोक उगाच नावं ठेवतात. ती शत्रूवर चालवून पाहिलेली नसते.

शेवटी त्याचा संयम सुटला आणि त्यानं रीतसर युद्ध पुकारलं. या खेळात युद्ध पुकारलं की त्या दोन कंपन्यांच्या भांडणात पोलीस पडत नाहीत. आम्ही तळाबाहेर दिसलो की तो आम्हाला खुशाल मारू शकत होता. तळाच्या आत असलो की मात्र सुरक्षित. त्यामुळे आम्ही चोरासारखे निघायचो, थोडे दगड फोडायचो, परत आत. मंडळ कंटाळू लागलं. दोन पोरं सोडून गेली. लांजेवार त्या दिवशी शिट्टी न वाजवताच घरी गेले.

अशात दसरा आला.

खाणीत दसऱ्याला यंत्रांची पूजा मोठी. डंपर, ड्रिल, सगळं धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभं करतात. लांजेवारांनी जाहीर केलं की मंडळाचीही पूजा होईल, आणि रीतीप्रमाणे सगळी जहाजं तळाबाहेर ओळीनं उभी राहतील.

"काकाजी, बाहेर युद्ध चालू आहे," मी म्हटलं.

"गॅरेजात उभ्या गाडीची पूजा कोनी केली काय आजवर? बाहेरच काढा लागते. अन् तोंड पूर्वेले पाह्यजे."

आता अंतराळात पूर्व कुठली, यावर चर्चा झाली. एरिकचं म्हणणं, तिथं दिशाच नसतात. हेल्गाताई म्हणाल्या, तळाचं दार आहे तीच पूर्व मानू. पिंटू म्हणाला, "काकाजी, मॉनिटर ही घुमा देते हैं." शेवटी लांजेवारांनी निकाल दिला की ज्या बाजूला त्या जगातला सूर्य दिसतो ती पूर्व. पुढचा हुकूम त्याहून भारी होता. गोदामातला सगळा माल 'बैहर बस'मध्ये भरा. का? तर रिकाम्या गाडीची पूजा करत नाहीत.

म्हणजे वर्षभराची मिळकत, एकाच जहाजात, तळाबाहेर, युद्धात. यात धोका आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण सोडून गेलेल्या दोन पोरांची जागा सगळ्यांनाच रिकामी दिसत होती. काकाजींना एक दिवस तरी सगळे एका ओळीत पाहायचे होते. कुणी नाही म्हटलं नाही.

मला दोन कामं दिली. एक, बाहेरची जहाजं ज्यातून आमच्या भागात शिरत त्या अंतराळातल्या फाटकापाशी माझं छोटं जहाज लावून पहारा देणं. हे छोटं जहाज खेळात प्रत्येकाला फुकट मिळतं. फुटलं तर दुसरं मिळतं. मला कधी कोणी मोठं दिलं नाही. दुसरं काम, आपल्या माणसांना वेळ कळवणं.

आता माझी बाजू ऐका. आमच्या घरी पूजा असली की गल्लीत सगळ्यांना बोलावणं जातं. ज्यांच्याशी नालीच्या पाण्यावरून बोलणं बंद आहे त्यांना आधी. कुणाला वगळलं तर पूजेला उणेपणा येतो, हे मी आईकडून शिकलो. शिवाय मसुदा फार सुंदर उतरला होता. तो फक्त आठदहा माणसांनी वाचावा हे माझ्या जिवावर आलं. मी तो त्या भागातल्या सगळ्यांना दिसेल अशा सार्वजनिक फळ्यावर टाकला.

थोड्या वेळानं बुचरची चौकशी आली: सगळी जहाजं बाहेर असतील का?

मी कळवलं: होय, सगळी. 'बैहर बस'सुद्धा, मालासकट. अवश्य यावे.

तो म्हणाला: नक्की येतो. मला भरून आलं. वाटलं, काय सांगावं, पूजेच्या निमित्तानं दिलजमाई होईल. मी मनात तहाचा मसुदाही सुरू केला.

दसऱ्याच्या दुपारी कॅफे नवरीसारखं सजलं होतं. पिंटूनं सगळ्या पडद्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. माऊसला हळदकुंकू लावल्यामुळे दोन माऊस चालेनासे झाले होते. लांजेवार स्वच्छ धुतलेलं हेल्मेट घालून बसले होते आणि त्यावरही कुंकवाचं बोट होतं. पडद्यावर काळ्या आकाशात आमची जहाजं एका ओळीत, सूर्याकडे तोंड करून उभी. मधोमध, तळाच्या दारासमोर, 'बैहर बस', डोंगरासारखी. एरिक म्हणाला, त्याची बायकोही शेजारी येऊन बसली आहे. हेल्गाताईंनी मेणबत्ती लावली होती. लांजेवार ओळीवरून हळूहळू नजर फिरवत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा मागे.

ती ओळ पाहून मला फाटकापाशी एकट्यानं उभं राहणं जड गेलं. फोटो निघणार होता. मी गुपचूप माझं फुकटचं जहाज आणलं आणि ओळीच्या अगदी टोकाला लावलं. पहाऱ्यावर आता कोणी नव्हतं.

"खरेबाबू, नारळ फोडा जी बाहेर पायरीवर," लांजेवार मला म्हणाले.

मी नारळ घेऊन बाहेर गेलो. नारळ फुटेना. समोरचा पानवाला आला, त्यानं सल्ला दिला. मग एक रिक्षावाला आला, त्यानं पानवाल्याच्या सल्ल्यातली चूक दाखवली. शेवटी दगडानं फुटला तो असा की अर्धा रस्त्यापलीकडे गेला. तो आणला, पुसला, खोबरं काढलं, दोघांना प्रसाद दिला, पानवाल्यानं पान लावलं. एवढ्यात आतून पिंटूची आरोळी आली.

"अंकल! अरे अंकल! जल्दी आओ! पूरा बारात आ गया!"

बुचर आला होता. 'सहपरिवार' त्यानं मनावर घेतलं होतं. तीन मित्रकंपन्या बरोबर होत्या.

पुढचं मी पाहिलं नाही, कारण पायरीवरच्या नारळाच्या पाण्यावरून मी घसरलो. ते पिंटूनं नंतर सांगितलं. फाटकातून काळी जहाजं येताना दिसली तेव्हा लांजेवारांनी शिट्टी वाजवली. "आत! सगळे आत!" 'बैहर बस' तळाच्या दाराला सगळ्यांत जवळ होती. ती सुस्त असली तरी लगेच निघती तर आत पोचली असती, आणि एरिक ओरडत होता, काकाजी, बस आधी, बस आधी! लांजेवार हलले नाहीत. एकेकाचं नाव घेत होते. हेल्गा? आत. एरिक? आत. मग ते म्हणाले, "खरेबाबू?"

खरेबाबू पायरीवर उताणे पडले होते.

"अंकल बाहर हैं काकाजी, मैं देखता हूँ," म्हणून पिंटू काउंटरवरून उडी मारून माझ्या कॉम्प्युटरकडे धावला. तोवर दोन काळी जहाजं माझ्या डबीएवढ्या जहाजाकडे वळली होती. आणि तेव्हा, पिंटू सांगतो, काकाजींनी बस फिरवली. दाराकडे नाही. माझ्याकडे. ते धूड वळत वळत माझ्या आणि त्या काळ्या जहाजांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. एवढी मोठी शिकार समोर आल्यावर माझ्याकडे कोण बघणार? सगळे बसवर तुटून पडले. पिंटूनं माझा माऊस धरला. तो नेमका हळदीचा होता. त्यानं तो शर्टाला पुसला, आणि कसंबसं माझं जहाज आत नेलं.

मी लंगडत आत आलो तेव्हा पडद्यावर एक मोठा पांढरा उजेड पसरत होता. मला वाटलं आरती.

वर्षभराचा माल गेला. बस गेली. कारखाना गेला. लांजेवारांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. प्रसादाच्या ताटातलं थोडं खोबरं घेतलं, पिंटूला दिलं, मलाही दिलं. मग म्हणाले, "सगळे आत आहेत ना? बरं झालं." आणि घरी गेले.

बुचरनं जाताना फळ्यावर लिहिलं होतं: सुंदर समारंभ. आभार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी तडक लांजेवारांच्या घरी गेलो. राजीनाम्याची वाक्यं वाटेत जुळवली होती. बायकोनं निघताना सांगितलं होतं, "जास्त बोलू नोका. तुमी बोललं की लोकाईचं नुकसान होते."

दार उघडंच होतं. खोलीत एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर बायकोचा फोटो. लांजेवार स्टोवर चहा करत होते. मी वाक्य सुरू केलं, त्यांनी ते मध्येच तोडलं.

"साखर किती?"

चहा घेताना मी म्हणालो, "आता काय होईल मंडळाचं?"

"जातील," ते म्हणाले. "काहून राहतील? ना बस, ना माल." मग फोटोकडे न बघता बोलू लागले. "पाळी सुटली का सगळ्याईले वर धाडून मी शेवटी निघायचो. शेवटचा मानूस वर आल्याशिवाय इनचार्ज हलत नाही. घरी याले उशीर व्हायचा. ही जेवत नव्हती मी येईपावेतो. किती भांडलो तिच्यासंग. जेवून घेत जा, म्हटलं. नाही म्हणजे नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आता आठले येतो का दहाले, कुलपाले काय फरक पडते जी?"

मी कपातला चहा संपवला. आयुष्यात जमलं ते एवढंच.

"मागं मले मलेरिया झालता," ते पुढे म्हणाले. "चार दिवस गेलो नाही पिंटूकडे. पाचव्या दिवशी गेलो, तर एरिकचं लिवलेलं होतं, काकाजी, कुठं आहात? बालाघाटात आत्ता लाईट आहे, आमी पाहून घेतलं. तुमीच नाही आहात." त्यांनी कप खाली ठेवला. "नॉर्वेतलं पोट्टं. माह्यी वाट पाहून राह्यलं होतं."

ते उठले, कप विसळला, पालथा घातला. मी म्हटलं, "चला, पिंटूकडे जाऊ." ते नको म्हणाले. मी हेल्मेट उचललं आणि चालू लागलो. त्यांना मागे यावंच लागलं. ते हेल्मेट त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिलेलं नव्हतं.

पिंटूनं आम्हाला पाहून नुसता कोपऱ्याकडे हात केला. लांजेवार बसले. आत शिरले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो, आणि खरं सांगतो, बघावं की नाही असं झालं होतं.

काळ्या आकाशात, तळापासून थोड्या अंतरावर, एक दगड. त्याच्याभोवती चिमुकली जहाजं. फुकटची, माझ्यासारखी; युद्ध अजून चालू होतं, म्हणून फुटली तरी चालतील अशी. एरिक, हेल्गाताई, बाकीचे सगळे. सोडून गेलेल्या दोघांपैकीही एक. त्या किरकोळ जहाजांनी तो दगड फोडायला महिने लागले असते.

हेडफोनमधून आवाज आला. एरिक होता. "काकाजी, पाळी सुरू होऊन गेली. तुम्ही उशिरा आलात. रजेचा अर्ज कुठं आहे?"

सुतळी घट्ट करण्यात लांजेवारांचा बराच वेळ गेला. मग त्यांनी हेल्मेट नीट केलं आणि आपलं फुकटचं जहाज त्या दगडाजवळ नेऊन लावलं, सगळ्यांच्या मागे. कारखान्याचं कुणी काही बोललं नाही. हेल्गाताईंनी विचारलं की कोणत्या बाजूनं फोडू, आणि त्यांनी सांगितलं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काकाजी, एवढी मोठी बस तुम्ही माझ्यासाठी घालवलीत. अहो, ते जहाज तर फुकटचं होतं!"

लांजेवारांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"जहाज फुकटचं होतं ते मले दिसत होतं, खरेबाबू. आतला मानूसही काही कामाचा नाही, तेही ठाऊक होतं. पन बाहेर होता ना जी."